उलटा धावदोरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

ब्लडप्रेशरच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि वर सल्ला दिला, "राग आला की बोलू नका, लिहून काढा." मी म्हटलं, मग मला वह्यांचं दुकानच काढावं लागेल. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

तर लिहिते. आज सकाळपासून राग खांद्याचा. उजवा खांदा असा धरलाय की वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला यांना हाक मारावी लागली. यांनी डबा काढून दिला आणि म्हणाले, "महिनाभर सुई बाजूला ठेव." सुई बाजूला ठेव म्हणे! यांना महिनाभर वर्तमानपत्र बाजूला ठेवायला सांगून बघते एकदा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मंडळाची मोठी गोधडी नगरभवनातल्या प्रदर्शनात लागायची आहे. मधली भिंत दिलीय आम्हाला. गोधडीच्या कडेच्या ओळी झाल्यात, मधला सगळा भाग तसाच आहे. आणि मी खांदा धरून घरात बसू?

डॉक्टर हे वाचायला मागतील कदाचित, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. उजव्या हातात सुई धरणारी कुठलीही बाई उजवीकडून डावीकडे शिवत जाते. आम्ही डावीकडून उजवीकडे जातो. सुई उजव्याच हातात, पण मनगट वळवून आणि कोपर बाहेर काढून. यालाच उलटा धावदोरा म्हणतात. टाका किंचित दुसऱ्या अंगाला झुकतो, त्यावरून आमची गोधडी अख्ख्या शहरात ओळखू येते. ही पद्धत यांच्या आजीने, म्हणजे सासूबाईंच्या सासूने घातली. त्यांना सगळे थोरल्या आई म्हणायचे. त्यांच्याकडून माझ्या सासूबाई शिकल्या, सासूबाईंकडून मी. थोरल्या आईंना मी पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या.

"सोपं असतं तर कुणीही केलं असतं," सासूबाई म्हणायच्या, आणि माझी सुई सरळ वळली की अंगुस्तानाने पेरावर टोला द्यायच्या. नवीन लग्न झालेलं, बोटं सुजलेली, त्यातच पाहुण्यांना चहा द्यायचा. पण शिकले की नाही? शिकले. आज मंडळ मी चालवते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नर्सबाईंनी गोधडीची वाट लावली.

दर गुरुवारी लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही चार टेबलं जोडतो, त्यावर गोधडी पसरतो आणि चारही बाजूंनी बसतो. खालून इस्त्रीची वाफ वर येते, हिवाळ्यात ते बरंच असतं. सगळ्याजणी एकाच दिशेने शिवत कडेकडून आत येतात. एकाच दिशेने का, तर प्रत्येक ओळ कापडाला थोडं पुढे ढकलत असते. दोघी समोरासमोरून आल्या की मधलं कापड कोंडतं आणि झोळ येतो. हे मी प्रत्येक नवीन बाईला पहिल्या दिवशी सांगते. नर्सबाईंनाही सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर करमत नाही म्हणून त्या नोव्हेंबरात आल्या. मीच घेतलं त्यांना, दुसरं कोण घेणार.

आज चहाच्या वेळी बघते तर त्यांच्या कोपऱ्यात असा झोळ, की त्याखाली मांजर निजलं असतं तरी कळलं नसतं. बाई सरळ धावदोरा घालत होत्या! अगदी आरामात, शेजारणीशी गप्पा मारत.

मी म्हटलं, "हे काय?"

"ताई, उलट्याने माझा हात भरून येतो. म्हटलं एवढी एक ओळ घालावी, कुणाला काय कळतंय."

कुणाला काय कळतंय! आमच्या घराण्याचा टाका तो, बाईला वाटलं उशीच्या अभ्र्याची शिवण आहे. अख्खी ओळ उसवायला लावली. त्यांनी चूपचाप उसवली, पण उसवताना मला म्हणाल्या, "तुमचा खांदा दुखतोय ना? डब्याचं झाकण उघडताना बघितलं मी." माझा खांदा ही मंडळाच्या कामकाजाची बाब नाही, असं मी सांगितलं. मास्तरीणबाई हसल्या. मंडळात सगळ्यात जुन्या त्या. सासूबाईंच्या हाताखाली शिकलेल्या, म्हणून त्यांना हसू देते.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवार सुनेवर गेला.

मधल्या चौकटींसाठी तुकडे कापायचे होते. तिला कात्री दिली. बाईसाहेब कापड कापतात की चावतात तेच कळत नाही. कडा सगळ्या दातेरी. म्हणते, "आई, ही कात्री माझ्या हातात चालत नाही." कात्रीला काय झालंय? माझ्या हातात लोण्यासारखी चालते. मी दहा तुकडे कापून दाखवले, एकही वाकडा नाही. ती बघत राहिली. कात्री पुन्हा त्याच हातात घेतली आणि पुन्हा तेच.

ही मुलगी घरात आली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी असते आणि संध्याकाळी येऊन विचारते, "आई, मला शिकवाल?" आजकाल कोण विचारतं? पहिल्याच दिवशी सुई डाव्या हातात घेऊन बसली. न शिकवता उलटा धावदोरा सुरू केला आणि सुई अशी पळायला लागली की मी बघतच राहिले. टाके एकसारखे, झुकलेलेही बरोबर. मला काय राग आला म्हणून सांगू. मला जे जमायला दोन वर्षं लागली, बोटं सुजवून घ्यावी लागली, ते ही चहा थंड व्हायच्या आत करते, तेही डाव्या हाताने! मी म्हटलं, आमच्याकडे सुई उजव्या हातात धरतात. हात बदलायला लावला. तेव्हापासून तिची सुई गोगलगाय झालीय. मुलगा एकदा म्हणाला, "आई, तिला जमतं तसं करू दे ना." मी म्हटलं, मग स्वयंपाकही जमेल तसा करू का मी? त्या दिवशी तो बाहेर जेवला.

आज तिला सांगून टाकलं, प्रदर्शन होईपर्यंत मंडळात येऊ नकोस, तुझ्या ओळी मला मागून पुन्हा घालाव्या लागतात. "बरं आई," म्हणाली. ही "बरं" म्हणते ना, तेही मला आवडत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. गोळी घेतली. अर्धी आणखी घ्यावी का, विचार करतेय.

चहानंतर नर्सबाई उभ्या राहिल्या. "ताई, रागावू नका. मी निम्मं आयुष्य हाडांच्या वॉर्डात काढलंय. सगळ्याजणी एकदा उजवा हात वर करून दाखवता का? पूर्ण वर, कानाला लावून."

मला वाटलं कुणी करणार नाही. पण बायका म्हणजे बायका, खेळ म्हटलं की पुढे. आणि मग हसणं बंद झालं. कुणाचा हात खांद्याच्या वर जाईना, कुणाचा गेला तर तोंड वेडंवाकडं झालं. नव्या आलेल्या दोघींचे तेवढे सरळ वर गेले. मास्तरीणबाईंनी हात अर्धा नेला आणि चष्मा नीट करायचा होता असं दाखवलं. मी रीळ गुंडाळत बसले. हातात काम होतं माझ्या.

"घरात सगळ्यांना वाटतं वय झालं म्हणून दुखतं," नर्सबाई म्हणाल्या. "डावे हात करून बघा. सगळ्यांचे वर जातायत. वय काय एकाच बाजूने होतं?"

बायका आपापले डावे हात वर करून बघायला लागल्या. माझ्या मंडळात! कवायत!

मी म्हटलं, "ही परंपरा आहे. जमत नसेल त्यांनी क्रोशाचं मंडळ काढावं."

"पण ताई, उलटं का, हे कधी कुणी विचारलं का? थोरल्या आई डावऱ्या होत्या का?"

सगळ्यांचे हात खाली आले. खालची इस्त्री ऐकू येत होती. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, डॉक्टर वाचतील. थोडक्यात, जिने ही कला उभी केली तिच्यात ही बाई खोट काढते! पद्धत म्हणून काही नाहीच, आम्ही सगळ्या खुळ्यासारख्या एका बाईच्या हाताची नक्कल करत बसलो, असंच म्हणायचंय ना तिला?

शेवटी ठरलं की पुढच्या गुरुवारी निकाल लावायचा. उलटा टाका ठेवायचा की सोडायचा. हात वर करून मत द्यायचं म्हणे. तेही डावे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे विचारतात, "पण समजा असल्या डावऱ्या, तर काय बिघडलं?"

काय बिघडलं! यांना मी काही सांगणार नाही. माझी बोटं, माझा खांदा, रात्र रात्र गरम पाण्याची पिशवी, कडेवर पोराला डावीकडेच घ्यायचं कारण उजवीकडे कळ यायची, हे सगळं कशासाठी केलं मी? काहीतरी मोठं आहे म्हणून केलं. ते नुसती एका हाताची नक्कल निघाली तर?

जेवणात मीठ जास्त पडलं. सगळ्यांनी पाणी पीत पीत जेवण संपवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाईंना विचारलं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या मधल्या खोलीत पडून असतात. जीभ मात्र अजून चालती आहे. मी गेले ते पुरावा घ्यायला. म्हटलं, सासूबाईंच्या तोंडून एक वाक्य घ्यायचं आणि गुरुवारी नर्सबाईंच्या तोंडावर फेकायचं. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

"आई, थोरल्या आई कुठल्या हाताने शिवायच्या?"

त्यांनी रेडिओ बारीक केला. "का गं?"

"मंडळात एक बाई आलीय. म्हणते त्या डावऱ्या होत्या."

मला वाटलं आता फटाके फुटणार. त्या छताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, कळलं कुणाला तरी."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"डावरी होती ती," त्या म्हणाल्या. "लहानपणी त्या हातावर चटके खाल्लेले. लाज वाटायची. चारचौघींसमोर सुई उचलायची नाही, नुसती शिकवायची. ती शिवायची दार लावून. आमच्या ओळी तिच्या ओळींना जुळायला हव्यात, नाहीतर झोळ. म्हणून आम्हाला उलटं लावलं. उजव्या हाताने."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एका घरात राहत होतो आम्ही."

"मग त्या गेल्यावर तुम्ही सरळ का नाही केलं? मला का नाही सांगितलं? माझी बोटं..."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना दुःख, ना पश्चात्ताप. नुसतं आश्चर्य, मी हे विचारतेय याचं.

"मला कुणी सोडलं होतं?" म्हणाल्या, आणि रेडिओ मोठा केला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भांडी घासली. एक कप फुटला. फुटला नाही, फोडला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी घरात कुणी नव्हतं. एक जुना पंचा घेतला, चौघडी केली आणि सुईत दोरा ओवला. म्हटलं, बघू तरी सरळ शिवून. जगातली कुठलीही शेंबडी पोर शिवते तशी, उजवीकडून डावीकडे.

चार टाके गेले आणि मनगट आपणहून वळलं. सोडवून परत घातले, परत वळलं. मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं तर टाके असे आले, एक लांब, एक आखूड, एक कापडाबाहेरच. मंडळात कुणी असे घातले असते तर मी घरी पाठवलं असतं.

म्हणजे माझा स्वतःचा हात कसा होता, हे मला कधी कळणारच नाही. थोरल्या आईंनी दार लावून निदान आपल्या हाताने शिवलं. सासूबाईंना निदान कारण तरी माहीत होतं. मीच एक मूर्ख. माझा दोघींवर इतका राग आहे की एक मेलेली आहे आणि एक अंथरुणाला खिळलेली आहे याचाही राग येतोय. भांडायचं तर कुणाशी भांडू?

पंचा धुवायला टाकला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मत द्यायची वेळच आली नाही. मी जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. थोरल्या आई डावऱ्या होत्या, सासूबाईंना माहीत होतं, आपण सगळ्या उगीच मेलो. असंच म्हणाले मी, "उगीच मेलो".

नर्सबाईंना जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. त्या खाली बघत राहिल्या. उलट मास्तरीणबाई खवळल्या. मी इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"खोटं आहे!" म्हणाल्या.

"अहो, खुद्द सासूबाई म्हणाल्या."

"मग त्यांनी म्हणायला नको होतं! आणि तू येऊन सांगायला नको होतंस! काय करू मी आता हे ऐकून? माझा हात भांग पाडायला वर जात नाही. सून पाडून देते माझा भांग. मी तिला अभिमानाने सांगते, हा गोधडीचा हात आहे म्हणून. आता काय सांगू?"

त्यांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या, परत आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि उलटा धावदोरा सुरू केला. ओळ संपेपर्यंत मान वर केली नाही. मला त्यांचा राग आला, आणि मग माझाही आला, कारण आठवड्यापूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर मीही हेच केलं असतं.

पुढचं ठरवायचं होतं. यापुढच्या गोधड्या ज्या त्या बाईने आपापल्या हाताने शिवायच्या, एका बाजूच्या सगळ्या एक दिशा धरतील असं बसायचं, यावर दोन मिनिटांत सगळ्या तयार झाल्या. इतक्या पटकन, की मला वाईट वाटलं. पण ही गोधडी? कडा उलट्या शिवलेल्या, मध्ये सरळ घातलं तर झोळच झोळ. उसवायला वेळ नाही. म्हणजे प्रदर्शनाची गोधडी उलटीच संपवायला हवी, आणि आता कुणाचा खांदा तयार नाही.

नर्सबाई म्हणाल्या, "एखादी डावरी मुलगी मिळाली तर तिला हेच सरळ आहे. दुखणार नाही, खुपणार नाही. मधला भाग ती एकटी करेल. आहे का कुणाच्या ओळखीत?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी माझ्या रिळाकडे बघत होते. आठवली मला चहाच्या कपाशेजारी पळणारी ती सुई, पण तोंडातून शब्द निघाला नाही.

घरी येताना मात्र पाय भराभर पडत होते. कधी नव्हे ते मनात चांगलं होतं. घरातच आहे की! थोरल्या आईंनंतर या घरात पहिल्यांदा हा टाका ज्या हाताचा त्याच हाताने पडेल, तोही दार उघडं ठेवून. वाटेत तिच्यासाठी डावऱ्यांची कात्री मिळते का विचारलं. शिलाईच्या सामानाच्या दुकानदाराने आणून देतो म्हटलं. आली की सांगू, असं ठरवलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कात्री आज आली. तिलाही आज सुट्टी होती.

ती मागच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती, दाराकडे पाठ. मी दारातच थांबले. तिच्या मांडीवर लहान गोधडी होती, तिची स्वतःची, मला न दाखवलेली. सुई डाव्या हातात. धावदोरा असा चालला होता की मधूनमधून ती खिडकीबाहेर बघत होती आणि हात आपला चालूच. इतके सुंदर टाके मी आयुष्यात घातले नाहीत. खरंच नाही घातले.

माझी चप्पल वाजली असावी. तिने मान वळवली नाही. सुई मात्र डाव्या हातातून उजव्यात गेली, डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि तिची गोगलगाय सुरू झाली. मी हे किती वेळा बघितलं नसेल? की प्रत्येक वेळी सुई उजव्या हातात गेल्यावरच बघितली?

मी जवळ गेले. म्हटलं, "असू दे. डाव्यानेच शिव."

"नाही आई, सवय झाली आता."

"अगं, खरंच सांगतेय. मंडळात सगळ्यांनी ठरवलंय. मधला भाग तूच करायचा आहेस."

"मी चुकून घेतली होती त्या हातात. पुन्हा नाही घेणार." मान खाली, सुई उजव्या हातात, टाका वाकडा.

कात्री माझ्या हातातच होती. ती पुढे केली तर तिने कात्रीकडे बघितलं आणि मागे सरकली. मला काय झालं कुणास ठाऊक. इतकं चांगलं सांगायला आले, चार दुकानं पालथी घालायला लावली त्या दुकानदाराला, आणि ही मला घाबरते?

"डाव्या हाताने शिव म्हणते ना!" मी ओरडले. "एकदा सांगून कळत नाही? घे त्या हातात! घे!"

तिने घेतली. दोरा सुईतून निसटत होता, आणि ती रडत रडत शिवत होती. डाव्या हाताने, मी सांगितलं तसं. चांगलं सांगायला गेले तरी ही रडते, आता आणखी कसं बोलायचं असतं, कुणी सांगेल का मला?

मधल्या खोलीत रेडिओ बंद झाला.

"कोण ओरडतंय गं?" सासूबाईंनी विचारलं. "माझी सासू आली का?"

थट्टा केली की खरंच विचारलं, मला कळलं नाही.